सायकल ट्रॅक कुणाच्या पैशातून? पुण्याचं एक प्रकरण

कात्रजहून स्वारगेटकडे सातारा रस्त्यानं सायकल काढली की बाजूला ट्रॅक मिळतो. काही अंतर तो बरा जातो, मग एखाद्या इमारतीच्या फाटकाशी खाली उतरतो, पुन्हा वर चढतो आणि मोठा चौक जवळ आला की नाहीसा होतो. चौक ओलांडला की पलीकडे पुन्हा दिसतो. मधलं अंतर सायकलवाल्यानं आपल्या हिमतीवर काढायचं. जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो नेमका तिथेच.

असं का, हे विचारलं की पुण्यात दोन उत्तरं मिळतात. एक, लोकांना शिस्त नाही. दोन, पैसे खाल्ले. दोन्हींत थोडंफार तथ्य असेलही, पण त्यांनी माझं समाधान होत नाही. या शहरानं गेल्या वीस वर्षांत केंद्राचा पैसा आणला, पादचारी धोरण केलं, रस्ते आखण्याची मार्गदर्शक तत्त्वं केली, संपूर्ण शहराचा सायकल आराखडा करून तो नगरसेवकांच्या मुख्य सभेत मंजूरही केला. देशातल्या फार थोड्या शहरांनी यातलं एवढं केलं आहे. तरीही ट्रॅक जोडला गेला नाही. माझ्या मते याचं कारण रस्त्यावर शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावं. पुण्यात सायकल ट्रॅक जवळजवळ नेहमी दुसऱ्याच कुठल्यातरी कामाच्या पैशातून बांधला गेला. त्या कामाची हद्द संपली, की ट्रॅक संपला.

आधीचं शहर

पुणं सायकलींचं शहर होतं हे आता सांगावं लागतं. सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट दिसला की थांबवायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत, पेठांतल्या छापखान्यांत माणसं सायकलवर जायची. त्या काळी वेगळा ट्रॅक लागत नव्हता, कारण रस्ता सायकलींचाच होता. मग आकुर्डीतून स्कूटर बाहेर पडू लागल्या, पगार वाढले, शहर पसरलं, बस मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. ज्याला परवडलं त्यानं दुचाकी घेतली. ज्याला परवडलं नाही तो सायकलवर राहिला, आणि त्याच्यासाठी बोलणारं कोणी उरलं नाही.

पहिली फेरी: बीआरटीच्या पोटातला ट्रॅक

डिसेंबर २००५ मध्ये केंद्रानं जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान, म्हणजे जेएनएनयूआरएम, सुरू केलं. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. वाहनं हलवण्याऐवजी माणसं हलवण्याचा विचार व्हावा हे त्या धोरणाचं मुख्य सूत्र होतं, आणि या अभियानातून सायकल ट्रॅक व पदपथांना प्राधान्य देऊ, असं त्यात लेखी होतं. पुण्यासारख्या दहा ते चाळीस लाख वस्तीच्या शहरासाठी वाटा ठरलेला होता: केंद्र ५० टक्के, राज्य २०, महापालिका ३०. म्हणजे शंभर रुपयांच्या कामाला पालिकेला खिशातून तीसच घालायचे होते. कुठलीही पालिका अशा वेळी मागे राहणार नाही.

पण हे पैसे सायकलीच्या नावानं मागता येत नसत असं नाही. मागितले गेले नाहीत. सविस्तर प्रकल्प अहवाल झाला तो बीआरटीचा (म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका राखलेल्या जलद बससेवेचा), रस्तारुंदीचा, उड्डाणपुलांचा. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा सुमारे १७ किलोमीटरचा प्रायोगिक बीआरटी मार्ग २००६ च्या अखेरीस सुरू झाला, देशातला पहिला. त्याच्या आडव्या छेदात, म्हणजे रस्ता कापून समोरून पाहिला तर कुठे काय असेल ते दाखवणाऱ्या चित्रात, मधोमध बस, बाजूला गाड्या, मग सायकल, मग पदपथ असं छान काढलेलं होतं. पुढं २००८ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पुण्यात झाल्या. त्यानिमित्त बालेवाडीकडे जाणारे रस्ते घाईनं नटवले गेले आणि त्यांच्याही कडेला ट्रॅक आले.

आता ही योजना आतून कशी चालायची ते पाहू, कारण ट्रॅकचा आकार त्यातूनच ठरला. केंद्राचा वाटा एकदम मिळत नसे. पहिला हप्ता एक चतुर्थांश. मिळालेल्या पैशातले ७० टक्के खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवलं की पुढचा. म्हणून अभियंत्यावर दडपण असायचं ते खर्च दाखवण्याचं. जिथे जागा मोकळी आहे, जमीन ताब्यात आहे, तिथे काम पटकन उरकायचं. जिथे अतिक्रमण, झाड, रोहित्र किंवा न्यायालयातला खटला आहे, तो तुकडा नंतर बघू. हा 'नंतर' फारसा आलाच नाही. प्रमाणपत्रात किलोमीटर मोजले जात. ते किलोमीटर एकमेकांना चिकटलेले आहेत का, हा रकाना नव्हता.

दुसरं, योजनेचा पैसा बांधकामासाठी होता. देखभाल पालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातून करायची. ट्रॅकवर पेव्हिंग ब्लॉक बसवलेले. ब्लॉक खचला की सायकल खडखडते, चेंबरचं झाकण वर राहिलं की चाक आपटतं, आणि सायकलवाला पुन्हा डांबरावर येतो. रिकाम्या ट्रॅकवर मग दुचाकी उभ्या राहतात, टपरी येते, आणि 'बघा, वापरतच नाही कोणी' असं म्हणायला जागा होते. 'परिसर'सारख्या पुण्यातल्या संस्थांनी तेव्हा प्रत्यक्ष फिरून, तुटलेल्या जागा नोंदवून हे सगळं पालिकेसमोर ठेवलं होतं. ते काम चिकाटीचं होतं, आणि दुसऱ्या फेरीचा पाया त्यातूनच पडला असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी फेरी: आधी आराखडा

२०१६ हे वर्ष महत्त्वाचं. जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत पुण्याचा क्रमांक दुसरा लागला. त्याच वर्षी पालिकेनं रस्तेआखणीची मार्गदर्शक तत्त्वं आणि पादचारी धोरण स्वीकारलं. तेव्हाचे आयुक्त कुणाल कुमार या विषयामागे उभे होते, आणि आयुक्त मागे उभा असला की फाइल कशी सरकते हे महापालिकेत वावरलेल्या कुणालाही माहीत आहे.

शहराचा सर्वंकष सायकल आराखडा याच काळात तयार झाला. आराखडा करण्याच्या खर्चाला मुख्यतः केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाची मदत होती. दिल्लीची आयट्रान्स ही सल्लागार संस्था, पुण्याचे प्रसन्न देसाई आर्किटेक्ट्स आणि पर्यावरण शिक्षण केंद्र यांनी मिळून तो केला. सायकल दुरुस्तीवाले, शाळकरी मुलं, घरकामाला जाणाऱ्या बाया, हौशी सायकलस्वार अशा सगळ्यांशी बोलून, रस्ते मोजून काम झालं. डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेनं तो मंजूर केला. सभागृहात वाद झाला, पण मंजूर झाला. आकडे असे: सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं आणि सुमारे ३३५ कोटी रुपयांचा खर्च.

भागाकार करून पाहा. किलोमीटरमागे सरासरी चाळीस लाख. एवढ्यात वेगळा, कर्ब घातलेला, दिवे असलेला ट्रॅक प्रत्येक रस्त्यावर होणं शक्य नाही, आणि आराखड्याचं तसं म्हणणंही नव्हतं. मोठ्या रस्त्यांवर वेगळा ट्रॅक, मधल्या रस्त्यांवर रंगवलेली पट्टी, गल्ल्यांत गाड्यांचा वेग कमी करून सायकलींना मोकळीक, नदी-कालव्याच्या काठानं हरित मार्ग, अशी विभागणी होती. ही विभागणी शहाणपणाची आहे. फक्त तिच्यात एक गृहीतक दडलेलं आहे: मोठ्या रस्त्यांचा ट्रॅक त्या रस्त्याच्या पुनर्रचनेच्या खर्चातून होईल. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं काम, दुसऱ्याची हद्द.

फाइलचा प्रवास

एक किलोमीटर ट्रॅक मंजूर आराखड्यातून प्रत्यक्ष रस्त्यावर यायचा तर काय काय घडावं लागतं? महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समितीचे अध्यक्ष त्यात आपली भर घालून ते मुख्य सभेपुढे ठेवतात. त्या भरीत नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांची 'स' यादी असते. ट्रॅकला अंदाजपत्रकात स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, आणि रक्कम मिळाली, तरच पथ विभागातला कनिष्ठ अभियंता पूर्वगणनपत्रक, म्हणजे एस्टिमेट, करायला घेतो. शासनाच्या दरसूचीवरून दर लागतात. एस्टिमेट समिती, तांत्रिक मान्यता, निविदा, स्पर्धक ठेकेदार, स्थायी समितीचा ठराव, करारनामा, कार्यादेश. सगळं सुरळीत झालं तरी पावसाळा आडवा येतो, कारण तेव्हा खोदाई बंद. ज्या रस्त्यानं पालखी जाते तो आधी मोकळा करून द्यायचा, गणपतीत मांडव. खरं खोदकाम दिवाळीनंतर. मार्चअखेर बिल निघालं नाही तर त्या वर्षाची तरतूद गेली. बारा महिन्यांच्या अंदाजपत्रकात बांधकामाला हाताशी येतात पाच.

एकापेक्षा जास्त वर्षं चालणारं काम असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ७२ (ब) खाली पुढच्या वर्षांची देणी आधीच मान्य करून घ्यावी लागतात. उड्डाणपुलासाठी ही तसदी घेतली जाते. ट्रॅकसाठी घेतली जाणं विरळा. तो वर्षाच्या तुकड्यांत बांधला जातो, आणि म्हणून तुकड्यांतच दिसतो.

याहून घातक म्हणजे वर्गीकरण. एका शीर्षाखाली ठेवलेली आणि न वापरलेली रक्कम ठराव करून दुसऱ्या कामाकडे वळवणं याला पालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात. कायद्यानं ते रीतसर आहे. पण वळवले जातात ते ज्याच्यामागे कोणी उभं नाही त्या कामाचे पैसे. ड्रेनेज तुंबलं तर प्रभागातले लोक नगरसेवकाच्या दारात जातात. ट्रॅक झाला नाही म्हणून कोणी जात नाही, कारण ट्रॅक एका प्रभागाचा नसतो. चार प्रभागांतून जाणारी ही गोष्ट; चौघांची म्हणजे कुणाचीच नाही.

जंगली महाराज रस्ता आणि औंध

या अडचणींतूनही दोन कामं झाली, आणि चांगली झाली. जंगली महाराज रस्ता पुणेकरांना पूर्वीपासून प्रिय आहे. १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीनं तो दहा वर्षांच्या लेखी हमीवर बांधला आणि त्यानंतर कितीतरी दशकं त्याला खड्डा पडला नाही, ही गोष्ट इथला शाळकरी मुलगाही सांगतो. त्याच रस्त्याची २०१६ नंतर पुनर्रचना झाली. पदपथ रुंद झाला, बसायला बाक आले, झाडांभोवती पार आले, मुलांना खेळायला जागा झाली आणि कडेनं सायकल ट्रॅक निघाला. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात, लेकुरवाळ्या बाया घाई न करता चालतात. सार्वजनिक पैशाचा याहून चांगला विनियोग मला सुचत नाही.

औंधच्या डीपी रस्त्याचं काम स्मार्ट सिटी कंपनीकडे होतं. स्मार्ट सिटी अभियानात केंद्र पाच वर्षांत शहराला ५०० कोटी देणार आणि तेवढेच राज्य व पालिकेनं घालायचे, अशी रचना होती. तिथे बांधकामाआधी रस्त्याच्या एका भागावर तात्पुरते अडथळे लावून नवी आखणी कशी चालते ते पाहिलं गेलं. ही पद्धत मला फार मोलाची वाटते. कागदावरचा आडवा छेद दुकानदाराला कळत नाही, पण दोन दिवस समोर रंगाचे पट्टे आणि खांब असले की तो येऊन नेमकं सांगतो की माल उतरवायचा टेम्पो कुठे थांबणार. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ पासून दरवर्षी पादचारी दिन होतो, तेव्हाही हेच दिसतं: काही तास गाड्या थांबल्या की गर्दी कमी होत नाही, वाढते.

दोन्ही ठिकाणी भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून, पार्किंग. आणि ते होणारच, कारण गणितच तसं आहे. २४ मीटरचा रस्ता घ्या. दुभाजक १ मीटर. उरले २३, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेअकरा. दोन लेनची गाडीवाट साडेसहा. उरले ५. पदपथावर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं २०१२ चं मानक सांगतं. झाडं, दिव्याचे खांब, महावितरणच्या पेट्या, बसथांबा यांना मिळून मीटरभर. उरले २.२. यात दोन मीटरचा सायकल ट्रॅक बसतो किंवा दोन मीटरची गाड्यांची रांग. दोन्ही बसत नाहीत. म्हणून सायकल ट्रॅकचा निर्णय हा मुळात पार्किंगचा निर्णय असतो. मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेनं पार्किंग धोरण मंजूर केलं खरं. पण विरोध झाल्यावर पैसे घेऊन पार्किंग फक्त पाच रस्त्यांवर प्रायोगिक स्वरूपात करायचं ठरलं, आणि तेही वर्षानुवर्षं अमलात आलं नाही. फुकटची जागा कुणी सोडत नाही. ट्रॅकवर उभी राहिलेली दुचाकी त्या न झालेल्या निर्णयाची खूण आहे.

बांधकामातल्या बारकाव्यांबद्दल थोडं. ट्रॅकला काँक्रीट किंवा डांबराचा सलग पृष्ठभाग हवा. ब्लॉक लोकप्रिय आहेत ते खोदाई करून पुन्हा बसवता येतात म्हणून. तेव्हा आधी खालच्या केबल आणि पाण्याच्या वाहिन्यांसाठी डक्ट टाकला तर वर ब्लॉकची गरजच उरत नाही, पण डक्टचा खर्च डोळ्यांना दिसत नाही म्हणून एस्टिमेटमधून पहिला कापला जातो. इमारतीच्या फाटकाशी ट्रॅक खाली न नेता त्याच पातळीवर ठेवून गाडीला थोडं चढून जायला लावायचं; त्यानं गाडीचा वेगही कमी होतो. दुचाकी शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी खांब लावायचे तर चाकाच्या खुर्चीसाठी त्यांच्यामध्ये ९० सेंटिमीटर तरी जागा सोडावी लागते, आणि तेवढ्यातून दुचाकीही शिरते. खांबांनी प्रश्न सुटत नाही, म्हणूनच ट्रॅक सलग आणि वापरात असणं हीच त्याची राखण. आणि ठेकेदाराच्या दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम झाल्यावर बिघाड त्यानंच स्वखर्चानं दुरुस्त करायच्या मुदतीत, त्यानं काय दुरुस्त करायचं, हे करारात ट्रॅकसाठी स्वतंत्र लिहिलेलं असावं. रेकॉन्डोची हमी सगळ्यांना आठवते. पदपथाला तशी हमी कधी कुणी मागितली?

सार्वजनिक सायकल योजनेचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात पेडल ही भाड्यानं सायकल देणारी सेवा सुरू झाली, मग ओफो, मोबाइक, युलू आल्या. पालिकेचा खर्च जवळपास नव्हता. कंपन्यांनी सायकली आणल्या, पालिकेनं उभ्या करायला जागा दिली. पण पुढच्याच वर्षी ओफोनं भारतातून काढता पाय घेतला, सायकलींची मोडतोड आणि चोरी झाली, आणि दोन वर्षांत बहुतेक सायकली रस्त्यावरून गेल्या. फुकट मिळालेल्या सेवेला धरून ठेवायला कुठलाही करार पुरला नाही.

नदीपलीकडे

त्यानंतर करोना आला, मेट्रोच्या खांबांसाठी रस्ते उकरले गेले, आणि मार्च २०२२ पासून काही वर्षं पुण्यात निवडून आलेली सभाच नव्हती. प्रशासकाच्या हाती कारभार होता. आराखडा रद्द झालेला नाही. तो आहे, आणि रस्त्यांची कामं त्याला वळसा घालून होत राहतात.

याच काळात शेजारच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेनं जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात नवं वाटतं. जून २०२५ मध्ये तिनं २०० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे बाजारात विकले. पैसा कशासाठी? निगडी प्राधिकरणातला हरित सेतू आणि टेल्को रस्ता, म्हणजे चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी रस्त्यांची पुनर्रचना. पुण्यानंही २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले होते, पण ते चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी. पदपथ आणि सायकल ट्रॅक यांच्या नावानं, त्यांच्याच कारणासाठी उभा केलेला पैसा, ही आपल्याकडे वेगळी गोष्ट आहे. हरित कर्जरोख्यांत पैसा कुठे खर्च झाला ते जाहीर करावं लागतं. तो मार्चअखेरीस ड्रेनेजकडे वळवता येत नाही. पहिल्या फेरीत जी दोरी केंद्राच्या हप्त्याला होती ती इथे गुंतवणूकदाराच्या हातात आहे, आणि या वेळी दोरीला बांधलेलं काम बीआरटीचं नाही, पदपथाचंच आहे. व्याजासकट फेडायचं कर्ज आहे, जोखीमही आहे. निगडीतली कामं प्रत्यक्षात कशी उतरतात, आणि पाच पावसाळ्यांनंतर कशी राहतात, हे बघायला मी तिथे जात राहणार आहे.

पुण्यासाठी माझं मागणं लहान आहे. संपूर्ण ८२४ किलोमीटरची गोष्ट बाजूला ठेवू. पुढच्या अंदाजपत्रकात पथ विभागाकडे एक लेखाशीर्ष फक्त चौकांसाठी उघडावं: आहेत ते ट्रॅक जिथे तुटतात ते चौक मोजावेत, त्यांची यादी जाहीर करावी, वर्षाला दहा घ्यावेत आणि ते काम ७२ (ब) खाली तीन वर्षांसाठी बांधून घ्यावं. सुरुवात सातारा रस्त्यावरून करता येईल. तिथे दोन्ही बाजूंचा ट्रॅक तयार आहे, फक्त मधला चौक उरला आहे.